फाइलमध्ये ओळी नसतातच

टेक्स्ट फाइल उघडली की पडद्यावर एकाखाली एक ओळी दिसतात. डिस्कवर मात्र असते ती आकड्यांची एकच सलग माळ. प्रत्येक आकडा, म्हणजे बाइट, ० ते २५५ मधला. त्यात १० आला की ओळ संपली असं समजायचं, एवढाच काय तो करार.

'आई' लिहून एंटर दाबा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या एका पद्धतीत, साठतं ते असं: २२४ १६४ १३४, २२४ १६४ १३६, १०. सात बाइट. विंडोजवर बहुधा आठ, कारण तिथे १० च्या आधी १३ येतो. हा टेलिप्रिंटरचा, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्राचा, वारसा: १३ म्हणजे छपाईचं डोकं डाव्या टोकाला न्या, १० म्हणजे कागद एक ओळ वर सरकवा. युनिक्सने आणि त्याच्याच वळणाच्या लिनक्सने १३ ला रजा दिली. म्हणून विंडोजची फाइल लिनक्सवर वाचली, की ओळीच्या शेपटाला न दिसणारा १३ चिकटून राहू शकतो. दोन्हीकडे 'आई'च दिसतंय आणि प्रोग्राम म्हणतो शब्द वेगळे! यापायी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फाइलवर फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा) फिरवला की एकेक ओळ हाती येते. आत मात्र काही हजार बाइटांचा घास एकदम उचलून बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ठेवला जातो आणि त्यात १० शोधले जातात. त्यामुळे अनेक जीबींची फाइलही थोड्याशा मेमरीत वाचून होते. पण फाइलभर १० नसलाच तर? मग सगळी फाइल म्हणजे एकच ओळ, आणि ती सगळीच्या सगळी मेमरीत. सी भाषेतलं 'गेट्स' हे ओळ वाचणारं फंक्शन तर ओळ ठेवायला जागा किती आहे हे विचारायचंच नाही. जागा संपली तरी पुढे लिहीत सुटायचं. १९८८ च्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या घातक प्रोग्रामने, हीच फट वापरली. तरीही ते भाषेच्या मानकातून गेलं २०११ मध्ये. फारच उशिरा, असं माझं मत.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट १२८ किंवा त्याहून मोठे, त्यामुळे त्यांत १० लपूच शकत नाही. यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत अशी अक्षरं दोन-दोन बाइटांत लिहितात, तिथे गंमत होते. 'ऊ'चा युनिकोड क्रमांक (जगभरच्या अक्षरांच्या यादीतला आकडा) २३१४, त्याचे दोन बाइट ९ आणि १०. नुसते बाइट पाहून ओळी तोडणारा प्रोग्राम 'ऊस' शब्द 'ऊ'वरच मोडतो. गुजराती लिपीत तर प्रत्येक अक्षराचा एक बाइट १० असतो. तिथे एकही शब्द शाबूत राहणार नाही.