मानवी क्षमतावर्धन तंत्रज्ञान : अपंगत्वाच्या नजरेतून

माणसाच्या शरीराची किंवा मेंदूची ताकद नेहमीच्या पातळीच्या वर नेणारी औषधं, यंत्रं, इम्प्लांट म्हणजे शरीराच्या आत बसवलेली उपकरणं आणि जनुकीय बदल या सगळ्यांना मिळून मानवी क्षमतावर्धन तंत्रज्ञान म्हणतात. व्याख्या सोपी वाटते पण सगळा घोळ त्या 'नेहमीच्या पातळी'त आहे. ही पातळी ठरवली कुणी, आणि ज्याची पातळी आपण 'खालची' म्हणतो त्या माणसाला कधी विचारलं होतं का, हे अपंग माणसं कित्येक वर्षं विचारतायत, तरी या विषयावरच्या चर्चेत त्यांचा नंबर बहुतेक वेळा शेवटी लागतो.

नेहमीची विभागणी अशी की कमी आहे ते भरून काढलं तर उपचार, आणि आहे त्यात भर घातली तर वर्धन. पण मोडाफिनिलचंच बघा ना, दिवसा अनावर झोप येते त्या नार्कोलेप्सी नावाच्या आजारावर दिलं जाणारं हे औषध, आणि तीच गोळी धडधाकट माणूस रात्रभर जागून काम उरकायला घेतो. एकाच पाकिटातली गोळी, एकाला उपचार आणि दुसऱ्याला वर्धन. चष्मा तर इतका अंगवळणी पडलाय की चष्मेवाल्याला कुणी अपंग म्हणत नाही, श्रवणयंत्र लावलेल्याकडे मात्र लोक अजून वळून बघतात.

अपंगत्वाच्या चळवळीतून याला उत्तर आलं ते साधारण १९७६ पासून. ब्रिटनमधल्या 'युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन' या अपंगांच्याच संघटनेने मांडलं की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने अडवून निर्माण केलेलं अपंगत्व वेगळं. पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी याला सोशल मॉडेल असं नाव दिलं. या बाजूने पाहिलं की एक्सोस्केलेटनसारखं, म्हणजे अंगावर बाहेरून चढवायच्या सांगाड्यासारखं यंत्र जरा वेगळं दिसायला लागतं. पाय लुळे पडलेल्या माणसाला उभं करून चालवणारा रीवॉक नावाचा सांगाडा अमेरिकेत २०१४ मध्ये घरगुती वापरासाठी मंजूर झाला, बातम्यांत तो 'चमत्कार' म्हणून आला, पण तो वापरताना हातात कुबड्या लागतात आणि व्हीलचेअरवर तोच माणूस कितीतरी झपाझप जातो. उभं राहण्याचे शरीराला फायदे आहेत आणि ज्याला हवं त्याने जरूर वापरावं, पण दारात रॅम्प नसेल तर तो आधी हवा असं व्हीलचेअरवाले म्हणतात आणि ते मला पूर्ण पटतं.

ग्रेगॉर वोलब्रिंग हे कॅनडातले अभ्यासक, जन्मतः पाय नसलेले. थॅलिडोमाइड या १९५७ मध्ये बाजारात आलेल्या आणि १९६१ मध्ये मागे घेतलेल्या गोळीमुळे, आईने ती गरोदरपणात घेतल्याने, हजारो मुलं आखूड किंवा नसलेल्या हातापायांनी जन्माला आली त्यातले ते एक. त्या पिढीतल्या अनेक मुलांना गॅसच्या दाबावर चालणारे कृत्रिम हात बसवले गेले, जड, अंगाला काचणारे, आणि बऱ्याच मुलांनी ते फेकून दिले कारण पायाने खाणं-लिहिणं त्यांना आधीच छान जमत होतं. हात कुणाला हवे होते, मुलाला की बघणाऱ्याला? वोलब्रिंग यांचा मुद्दा पुढचा आहे, एकदा वर्धन सरसकट झालं की 'नॉर्मल'ची पट्टी वर सरकते, आणि ज्यांना ते परवडत नाही किंवा नको आहे ती आजची धडधाकट माणसंच उद्याची अपंग ठरतात.

सगळ्यात जुना आणि कडू वाद कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे कर्णबधिरांना आवाज ऐकवणाऱ्या उपकरणाचा. कानामागे बाहेरून प्रोसेसर, त्याला जोडलेली चकती चुंबकाने डोक्याला चिकटते, आत कवटीच्या हाडाजवळ रिसीव्हर आणि तिथून कानाच्या शंखात शिरलेली १२ ते २२ इलेक्ट्रोडची बारीक तार. नैसर्गिक कानात हे काम हजारो केसपेशी करतात, त्यामुळे ऐकू येतं ते मूळ आवाजाचं ढोबळ रूप आणि मेंदूला ते शिकावं लागतं, महिनोन्‌महिने. रात्री प्रोसेसर काढला की पूर्ण शांतता. अमेरिकेत मोठ्यांसाठी १९८४ मध्ये आणि २ वर्षांवरच्या मुलांसाठी १९९० मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलांवरच्या वापराला कडक विरोध केला. खुणांची भाषा ही त्यांची स्वतःची, व्याकरण असलेली भाषा आहे, आणि १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून ती हद्दपार करायला लावल्याची जखम ताजी होती, त्यात मूल 'दुरुस्त' करायचं म्हणून पुन्हा भाषाच काढून घेतली जाणार ही भीती. २००० मध्ये संघटनेने भूमिका मवाळ केली. इम्प्लांट आणि खुणांची भाषा दोन्ही मुलाला द्या, यात मला काहीच अडचण दिसत नाही.

खेळात उलटंच झालं. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस, त्याला २००८ मध्ये ब्लेडचा, म्हणजे धावण्यासाठीच्या वाकड्या पात्यासारख्या कृत्रिम पायांचा, 'फायदा' मिळतो म्हणून बंदी घातली, त्याच वर्षी क्रीडा लवादाने ती उठवली आणि २०१२ ला तो लंडन ऑलिम्पिकमध्ये धावला. जर्मनीचा लांबउडीपटू मार्कुस रेम एका ब्लेडवर ८.२४ मीटर उडी मारून २०१४ मध्ये सगळ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला आणि तरी युरोपियन स्पर्धेसाठी त्याची निवड झाली नाही. मागे पडला तोवर कौतुक, पुढे गेला की चौकशी!

आणि मग देखभालीचा प्रश्न, ज्यावर फार कमी लोक बोलतात. आर्गस २ हे डोळ्यातलं इम्प्लांट, चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर आणि रेटिनावर म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोड. दिसतं ते उजेडाचे ठिपके आणि कडा, म्हणजे दाराची चौकट, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, पण काहीच न दिसणाऱ्याला तेवढंही खूप असतं. २०१३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, जगभरात ३५० च्या आसपास लोकांना बसलं, आणि २०२० मध्ये सेकंड साइट ही कंपनी दिवाळखोरीच्या दारात पोहोचली. त्याआधीच उत्पादन थांबलं होतं, मग दुरुस्ती, सुटे भाग, फोन उचलणारं माणूस सगळंच गेलं. यंत्र मात्र डोळ्यातच, काढायचं म्हटलं तर पुन्हा ऑपरेशन. फोनचा सपोर्ट संपला तर आपण नवा घेतो, इथे ते शरीराच्या आत आहे.

मेंदूतल्या चिपांबाबतही हीच काळजी आहे. न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीची पहिली चिप जानेवारी २०२४ मध्ये हातपाय लुळे पडलेल्या माणसाला बसवली, तो नुसत्या विचाराने कर्सर हलवायला लागला आणि हा आनंद अगदी खरा आहे, काही आठवड्यांत चिपचे इलेक्ट्रोड असलेले बरेच बारीक धागे मेंदूतून मागे सरकले आणि सॉफ्टवेअर बदलून काम सावरावं लागलं हेही तितकंच खरं. चाचणीला अपंग शरीर पुढे येतं, आणि स्वप्नं मात्र निरोगी माणसाने एआयची बरोबरी करण्याची रंगवली जातात.

हे सगळं बाजूला ठेवून साध्या साधनांकडे बघितलं तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून जास्त लोकांना व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, संवादाचं अ‍ॅप अशा कुठल्या ना कुठल्या साधनाची गरज आहे, त्यातल्या जवळपास १०० कोटींना ते मिळत नाही, आणि काही गरीब देशांत तर गरजूंपैकी जेमतेम ३ टक्क्यांपर्यंतच ते पोहोचतं.