राजवाडा, बंब आणि पाण्याचं गणित

इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. आग वर चढते, आणि या इमारतीत तिला जळायला लागणारं सगळं वरच ठेवलेलं आहे. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने इंदूर जाळलं, तेव्हा वाडाही जळाला. १८३४ मध्ये वरचा मजला गेला. १९८४ च्या दंगलीतली आग सगळ्यांत भयंकर होती. दर्शनी भाग उभा राहिला, पण आतलं बरंचसं गेलं.

लाकूड थेट पेटत नाही. तापमान २५०-३०० अंशांच्या आसपास गेलं की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि ज्योत त्या वायूंची असते. बाहेर कोळशाचा थर तयार होतो आणि तोच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. त्यामुळे जाड तुळई मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर इतक्या वेगानेच आत जळत जाते, म्हणजे अर्ध्या तासात जेमतेम दोन सेंटिमीटर. उघड्या लोखंडी तुळईची ताकद मात्र साडेपाचशे अंशांना निम्म्यावर येते आणि ती वाकते. जुन्या वाड्यांचं लाकूड एवढं बिचारं नसतं, हे आपण फार कमी बोलतो. पण झरोक्यांच्या जाळ्या, कडीपाटाच्या फळ्या, खिडक्यांच्या चौकटी पातळ असतात. त्या लवकर पेटतात आणि जिन्याच्या पोकळीतून धूर नि ज्वाळा धुराड्यासारख्या वर खेचल्या जातात. म्हणून पहिली काही मिनिटं निर्णायक ठरतात.

त्या मिनिटांत पाणी लागतं. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. शिवाय वाफ मूळ पाण्याच्या सतराशेपट जागा व्यापून आगीजवळची हवा बाजूला सारते. मात्र पाणी वर पोचवायला दर दहा मीटरला एक बार दाब जास्त लागतो. विहिरीतून उपसायचं म्हटलं, तर हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर वर ढकलू शकतो, प्रत्यक्षात सात-आठच. वैशाखात माळव्यातल्या विहिरीची पातळी त्याखाली गेली, की रस्त्यावर उभा असलेला बंब हतबल होतो.

४,५०० लिटरच्या बंबातून दोन नळ्यांनी मिनिटाला ९०० लिटर सोडलं, तर टाकी पाच मिनिटांत रिकामी. पुढचं पाणी कुठून आणायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. शहराचं बरंचसं पाणी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे ७० किलोमीटरवरच्या नर्मदेतून चढवून आणलं जातं. म्हणून अग्निशमन केंद्रातली स्वतःची टाकी आणि ती झटपट भरण्याची सोय ही केंद्राच्या इमारतीची जीवनवाहिनी आहे.

त्या इमारतींत जुन्या काळी एक उंच मनोराही असे. कापडी नळ्या भिजल्या की तंतू फुगून गळती थांबे, पण ओल्याच गुंडाळल्या तर त्या कुजत. म्हणून त्या मनोऱ्यात टांगून वाळवत. कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्यावर ती गरज उरली नाही. मनोरे जिथे टिकले तिथे ते शिडीच्या सरावाला कामी येतात.

इंदूरमध्ये आग विझवण्याचं काम दीर्घकाळ पोलीस खात्याकडे राहिलं. मुंबईतही १८५५ च्या सुमारास ते पोलिसांकडेच होतं. १८८७ मध्ये तिथे स्वतंत्र पूर्णवेळ दल उभं राहिलं. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात या दलाचे ६६ जवान गेले, म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो.

इंदूरचं मोती तबेल्याचं अग्निशमन केंद्र राजवाड्यापासून जवळ आहे, तरी वाड्याशेजारच्या सराफा बाजारात रात्री खाण्याच्या गाड्या आणि गॅसच्या टाक्या लागल्यावर मोठा बंब शिरणार कसा? गळणारा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गटारात आणि तळघरात साचतो. अशा गल्ल्यांत दुचाकीवरची जलतुषार यंत्रणा उपयोगी ठरते. थेंबाचा व्यास एक मिलिमीटरवरून दशांश मिलिमीटरवर आणला, तर तेवढ्याच पाण्याचा पृष्ठभाग दहापट होतो, वाफ झपाट्याने होते आणि थोड्या पाण्यात पहिली ज्योत आटोक्यात येते. टाकी मात्र छोटीच असते, त्यामुळे मागून मोठ्या बंबाचं पाणी नळीने आणता येईल इतकी वाट गल्लीत मोकळी ठेवावीच लागते.