संदर्भ-व्होल्टेज ‘पाच’च असते का?

नाशिक परिसरात द्राक्षांच्या शीतगृहासाठी तापमापक बनवणारे हौशी तंत्रज्ञ अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावरील अॅनालॉग वाचनाला (संवेदकाच्या व्होल्टेजवरून मिळणाऱ्या ० ते १०२३ मधील आकड्याला) डोळे झाकून पाचाने गुणतात व १०२४ ने भागतात, कारण ‘संदर्भ (ज्या व्होल्टेजशी तुलना करून बोर्ड मोजमाप करतो ते) पाच व्होल्टच असतो’ हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. प्रत्यक्षात मूळ मांडणीत संदर्भ म्हणजे बोर्डाचा पुरवठाच असतो आणि यूएसबीवर तो ४.७ व्होल्टपर्यंतही उतरू शकतो. तसे झाल्यास एलएम३५ हा संवेदक २५ अंशांना देत असलेले ०.२५ व्होल्ट आपल्या हिशेबात सुमारे २६.५ अंश दिसतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या संवेदकावर जातो.

अशा वेळी चिपमधील १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ घ्यावा. एक पायरी, म्हणजे वाचनातील एका आकड्याचा फरक, ४.९ ऐवजी सुमारे १.१ मिलिव्होल्टची होते. मात्र हा अंतर्गत संदर्भही चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान बदलतो, म्हणून चांगल्या मल्टिमीटरने एकदा मोजून तोच प्रोग्रॅममध्ये लिहावा.

याउलट पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रोध) किंवा थर्मिस्टरचा (तापमानानुसार बदलणाऱ्या रोधाचा) व्होल्टेज-विभाजक बोर्डाच्याच पुरवठ्यावर चालत असेल, तर पुरवठाच संदर्भ ठेवणे योग्य, कारण दोन्ही एकाच प्रमाणात हलतात आणि गुणोत्तर कायम राहते.