बोअरचं पाणी उकळलं की सगळं जातं?

उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येऊ लागलं की मराठवाड्यातली गावं बोअरवर येतात आणि जुना सल्ला पुन्हा फिरतो : "उकळून घ्या, क्षार खाली बसतात." पुरावा म्हणून पातेल्याच्या बुडाची पांढरी खपली दाखवतात.

खपली खरीच. पण ती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे पाण्याच्या जडपणाचा एक भाग. फ्लोराईड आणि नायट्रेट हे विरघळलेले, जास्त झाले तर अपायकारक क्षार मात्र पाण्यातच राहतात. उलट वाफ जाईल तसं त्यांचं प्रमाण किंचित वाढतं. नांदेडच्या किनवट भागात फ्लोराईडचं दुखणं जुनं आहे. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५; नायट्रेटची मर्यादा ४५. फ्लोराईड चवीवरून कळत नाही, त्यामुळे "आमचं पाणी गोड आहे" याला काही अर्थ नाही.

उकळणं वाया जात नाही. कावीळ, टायफॉईड, गॅस्ट्रोचे जंतू मरतात, आणि त्यासाठी खळखळ उकळीचं एक मिनिट पुरे. पाव तास गॅस जाळायची गरज नाही (सिलिंडरचा भाव बघता तर नाहीच).

बोअरचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. फ्लोराईड जास्त निघालं तर आरओ लागतो, साधा कँडल फिल्टर चालत नाही. नायट्रेट जास्त असेल तर तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध त्या पाण्यात कालवू नका, उकळलेलं असलं तरी.