गोव्याच्या घटस्फोट कायद्यामागची क्रांती: 1910 साली पोर्तुगालचा राजा कसा गेला

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं नाव हमखास येतं. पण तिथल्या कोर्टात घटस्फोटासाठी आजही जो कायदा वापरतात तो 3 नोव्हेंबर 1910 चा आणि लग्नाचा कायदा 25 डिसेंबर 1910 चा आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. त्याच वर्षी एवढी घाई कशाची होती? तर त्याआधी जेमतेम महिनाभर, 5 ऑक्टोबरला, लिस्बनमध्ये लोकांनी राजा घालवला होता. आणि तेव्हा युरोपात राजा नसलेले मोजण्यासारखे देश दोनच होते, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड.

हे प्रकरण सुरू होतं 1890 पासून. पोर्तुगालला आफ्रिकेत अंगोला ते मोझांबिक असा सलग पट्टा हवा होता, नकाशावर तो गुलाबी रंगात रंगवूनसुद्धा झाला होता, पण 11 जानेवारी 1890 ला इंग्लंडनं दम दिला की तिथलं सैन्य मागे घ्या, आणि राजा कार्लोस, ज्याला गादीवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते, त्याच्या सरकारनं मुकाट ऐकलं. लोक भडकले. आज पोर्तुगालचं जे राष्ट्रगीत आहे ते याच रागातून लिहिलं गेलंय. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, हा राग आफ्रिकेतल्या लोकांवर अन्याय होतोय म्हणून नव्हता, दुसऱ्याची जमीन आपल्या हातून निसटली म्हणून होता. राजा घालवून प्रजासत्ताक आणू पाहणारी रिपब्लिकन पार्टी वाढली ती याच रागावर, आणि ते पुढेही तिच्या अंगात राहिलं.

पुढच्याच वर्षी 31 जानेवारीला पोर्तू शहरात सैनिकांनी उठाव केला, तो त्याच दिवशी मोडला. 1892 ला सरकारचं दिवाळं निघालं. संसद होती, पण दोन राजेशाहीवादी पक्ष आलटून पालटून सत्तेवर यायचे, निवडणुका मॅनेज व्हायच्या, आणि देशात दर चार माणसांमागे तीन निरक्षर. त्यात बाहेर आलं की राजघराणं सरकारी तिजोरीतून संसदेला न विचारता उचल घेतंय. लोकांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच असं मला वाटतं, कारण आफ्रिकेचा नकाशा गरीब माणसानं कधी बघितलेला नसतो पण उचल म्हणजे काय ते त्याला बरोब्बर कळतं.

1907 ला पंतप्रधान जुआंव फ्रांको यानं राजाच्या पाठिंब्यानं संसद बरखास्त केली आणि फर्मानं काढून राज्य चालवायला लागला. जानेवारी 1908 च्या शेवटी उठावाचा एक प्रयत्न फसला, मग विरोधकांना हद्दपार करायचं फर्मान निघालं, राजानं त्यावर सही केली आणि त्यानंतर लगेचच, 1 फेब्रुवारीला, तो सहकुटुंब लिस्बनला परतला. नदीकाठच्या मोठ्या चौकात उघड्या बग्गीवर गोळ्या झाडल्या गेल्या. राजा जागच्या जागी गेला, थोरला मुलगा लुईस फिलिपही गेला, धाकट्या मान्युएलच्या दंडाला गोळी लागली, आणि राणी अमेलीच्या हातात फक्त फुलांचा गुच्छ होता, तोच ती मारेकऱ्याच्या अंगावर मारत राहिली. मारेकऱ्यांपैकी एक शाळामास्तर होता. दोघांना तिथंच मारलं. 18 वर्षांचा मान्युएल राजा झाला, त्यानं फ्रांकोला घरी पाठवलं, समजुतीनं घ्यायचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता.

1909 च्या एप्रिलमध्ये सेतुबालच्या अधिवेशनात रिपब्लिकन पार्टीनं ठरवलं की आता शस्त्रच उचलायचं. पार्टीतले पुढारी म्हणजे वकील, डॉक्टर, प्रोफेसर. पण खरी फौज होती कार्बोनारिया नावाच्या गुप्त संघटनेची, त्यात कारागीर, दुकानातले नोकर, खलाशी, साधे शिपाई असे लोक होते.

आता 3 ऑक्टोबर 1910. उठाव त्या रात्री सुरू होणार, आणि सकाळीच डॉ. मिगेल बोंबार्दा, मनोरुग्णालयाचे प्रमुख आणि उठावाच्या मुख्य पुढाऱ्यांपैकी एक, यांना त्यांच्याच एका रुग्णानं गोळी घातली. रात्री काही पलटणी उठल्या, पण ठरलेल्यातल्या बऱ्याच उठल्याच नाहीत. अ‍ॅडमिरल कांदिदो दोस रेईस, ज्यांच्याकडे लष्करी नेतृत्व होतं, त्यांना वाटलं सगळं फसलं आणि त्यांनी पहाटे स्वतःचा जीव घेतला. शहराच्या वरच्या टोकाला रोतुंदा नावाचा चौक आहे, तिथं जमलेल्या बंडखोर अधिकाऱ्यांनी सकाळी मीटिंग घेतली आणि ठरवलं की आता काही होत नाही, आणि निघून गेले.

राहिला तो मशादो सांतोस. हा नौदलात होता पण लढाऊ अधिकारी नव्हे, हिशोब आणि रसद बघणारा. त्याच्याबरोबर काहीशे सैनिक, काही तोफा आणि शहरातली साधी माणसं, ज्यांनी रस्त्यावर अडथळे रचले, दारूगोळा वाहिला. त्या दिवशी हे लोकही घरी गेले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पाइवा कोसेरो या राजनिष्ठ कॅप्टननं त्यांच्यावर तोफा डागल्या, तरी ते हलले नाहीत, आणि दुपारी नदीतल्या बंडखोर जहाजांनी थेट राजवाड्यावर गोळे टाकले तेव्हा राजा लिस्बनबाहेर माफ्राला पळाला. खाली रोसिओ चौकात सरकारी सैन्य उभं होतं पण त्यांना लढायचंच नव्हतं. 5 ची सकाळ उजाडली, जर्मनीचा राजनैतिक प्रतिनिधी परदेशी लोकांना बाहेर काढायला थोडा वेळ युद्धविराम मागायला पांढरा झेंडा घेऊन निघाला, आणि तो झेंडा बघून लोकांना वाटलं सैन्य शरण आलं! हजारो माणसं रस्त्यावर आली, सैनिकांच्या गळ्यात पडली, मग कोण कोणावर गोळी झाडणार. नऊच्या सुमाराला झोझे रेल्वास यांनी महापालिकेच्या गॅलरीतून प्रजासत्ताक जाहीर केलं. तिकडं राजा एरिसेराच्या किनाऱ्यावरून बोटीनं जिब्राल्टरला आणि तिथून इंग्लंडला गेला, तो कायमचाच. बाकी देशाला बातमी तारेनं कळली आणि बहुतेक ठिकाणी विरोध न होता मान्य झाली.

त्या दिवसांत लिस्बनच्या बँकांवर पहारा दिला तो अंगावर धड कपडे नसलेल्या गरीब माणसांनी, आणि लूट झाली नाही. हे वाचलं की मला खरंच भरून येतं.

तेओफिलो ब्रागा हंगामी सरकारचे प्रमुख झाले, पण कायद्यांचा धडाका लावला तो न्यायमंत्री अफोन्सो कोस्टा यांनी. जेझुइट पाद्री हद्दपार, घटस्फोट, नागरी विवाह, आणि 20 एप्रिल 1911 ला चर्च आणि सरकार यांची फारकत. गोव्यात याचा अर्थ फार मोठा होता, कारण तिथं पिढ्यान् पिढ्या दुय्यम वागणूक मिळालेल्या हिंदूंना आता कायद्यापुढे बरोबरीचं स्थान मिळालं, शाळा आणि सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांच्यासारख्या कॅथलिक घरातल्या पत्रकारानं या बदलाची बाजू मनापासून उचलून धरली, पणजीतली संस्था आज त्यांच्याच नावानं आहे.

पण ज्यांनी रोतुंदावर रात्र काढली त्यांचं काय? 1911 च्या निवडणुकीत मत साक्षरांना किंवा कुटुंबप्रमुखांना होतं. कारोलिना बियात्रिझ आंझेलो ही विधवा डॉक्टर कोर्टात गेली, म्हणाली मी कुटुंबप्रमुख आहे, कायद्यात पुरुष असा शब्द कुठंय, आणि 28 मे 1911 ला मत देऊन आली. 1913 ला सरकारनं कायदा बदलला, फक्त साक्षर पुरुष, आणि मतदारांची संख्या निम्म्यावर आली. म्हणजे बँका राखणारा माणूस निरक्षर म्हणून बाहेर. हे मला अजिबात माफ करता येत नाही, कारण पुढची सगळी पडझड इथूनच सुरू झाली असं माझं मत आहे.

16 वर्षांत 45 सरकारं झाली. 19 ऑक्टोबर 1921 च्या रात्री लिस्बनमध्ये बंडखोर खलाशांनी काही पुढाऱ्यांना घरातून ओढून नेऊन मारलं, त्यात मशादो सांतोसही होता. 28 मे 1926 ला लष्करानं सत्ता घेतली, तेव्हा प्रजासत्ताक वाचवायला लोक रस्त्यावर आले नाहीत. मग पुढे हुकूमशहा झालेला सालाझार आला, 1930 ला त्यानं वसाहतींवरची पकड घट्ट करणारा कायदा आणला, आणि त्याच वर्षी गोव्याच्या कायदेमंडळात मिनेझिस ब्रागांझा यांनी उभं राहून ठराव मांडला की आपलं भविष्य ठरवायचा हक्क गोव्याच्या लोकांचा आहे.