स्पेनची ग्वादालूपे आणि मेक्सिकोची ग्वादालूपे

मेक्सिकोची ग्वादालूपे माता, म्हणजे येशूची आई मारिया, ही स्पेनमधल्या ग्वादालूपेचीच प्रतिकृती आहे, असा समज सर्रास आढळतो. नाव एकच असल्यामुळे तसे वाटणे साहजिक असले, तरी दोन्ही प्रतिमा पाहिल्या की तो समज टिकत नाही.

स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातील मठात आहे ती लाकडात कोरलेली, काळसर वर्णाची, बसलेली लहानशी मूर्ती. तिच्या मांडीवर बाळ येशू आहे. पण भरजरी वस्त्रांमुळे चेहरे आणि हात तेवढे दिसतात आणि सारा आकार त्रिकोणी भासतो. समुद्रात वादळात सापडल्यावर बोललेला नवस फेडायला कोलंबस १४९३ मध्ये इथेच आला होता.

मेक्सिको शहरातल्या तेपेयाक टेकडीच्या पायथ्याशी मूर्ती नाही, कापडावरचे चित्र आहे. ही माता उभी आहे, हात जोडलेले आहेत, जवळ बाळ नाही. पायाखाली चंद्रकोर, भोवती किरणे आणि अंगावर ताऱ्यांची निळसर-हिरवी ओढणी. १५३१ मध्ये हुआन दिएगो या मूलनिवासी भाविकाच्या अंगवस्त्रावर ती उमटली, अशी श्रद्धा आहे. ही कथा सविस्तर छापली गेली मात्र १६४८ मध्ये, मिगेल सांचेस या धर्मगुरूच्या स्पॅनिश ग्रंथात, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मूलनिवासींच्या नाहुआत्ल भाषेतही.

नावाच्या या घोळात, माझ्या मते, भक्तीइतकाच दानाचाही प्रश्न होता. तेपेयाकला ग्वादालूपेच्या नावावर दान जमते, पण त्याचा लाभ स्पेनमधल्या मूळ मठाला होत नाही, अशी तक्रार दिएगो दे सांता मारिया या हिएरोनिमाइट (संत जेरोमच्या नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या) संन्याशाने १५७४ मध्ये राजा दुसऱ्या फेलिपेकडे केली होती.

पुढे त्याच मठातला दिएगो दे ओकान्या १५९९ मध्ये दान गोळा करायला दक्षिण अमेरिकेकडे निघाला. त्याने वेगळा मार्ग धरला: स्वतःच कुंचला हाती घेतला आणि आजच्या बोलिव्हियातील पोतोसी व चुकिसाका, म्हणजे आजचे सुक्रे, येथे आपल्या मठातल्या मातेची चित्रे रंगवली. त्रिकोणी झगा, सावळा चेहरा, हाताशी बाळ, सारे स्पेनच्या वळणाचे. सुक्रेच्या चित्रावर पुढे इतके मोती आणि रत्ने वाहिली गेली की आता चेहऱ्यांपलीकडे रंगकाम जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे बोलिव्हियात नावाबरोबर रूपही आले, तर मेक्सिकोत नाव स्पॅनिश राहिले आणि रूप वेगळे झाले. सणाच्या तारखांतही हाच फरक आहे: स्पेन आणि सुक्रे येथे ८ सप्टेंबर, तर मेक्सिकोत १२ डिसेंबर.