गवताच्या गंजीपासून कोल्हापूरमार्गे: विद्यार्थ्यांमधल्या ख्रिस्ती सुवार्ताकार्याची पार्श्वभूमी

होस्टेलच्या खोलीत आठ-दहा मुलं, मधोमध उघडं बायबल, आणि बोलणारा कोणी पाळक नाही, तर शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थीच. कॉलेजातल्या ख्रिस्ती कामाचं हे आजचं ओळखीचं रूप. ते बाहेरून आयतं आलं असा समज आपल्या मंडळ्यांमध्येही आहे. पण त्याचा माग काढत गेलं की वाट दोनदा आपल्याच मुलखातून जाते.

सुरुवात 1806 ची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी आपापसात ठरवून प्रार्थनेला मोकळ्या रानात जमत. ऑगस्टमधल्या एका दिवशी वादळ आलं. सॅम्युअल मिल्स आणि त्यांचे चार सोबती गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. तिथेच आशियातल्या लोकांपर्यंत सुवार्ता न्यायची, तर ती आपणच का नेऊ नये, असं बोलणं झालं आणि त्यांनी त्यासाठी प्रार्थना केली. दोन वर्षांनी या मुलांनी ‘ब्रेदरन’ नावाचं छोटं बंधुमंडळ काढलं. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती, इतकं ते गुप्त होतं. पुढे ते मंडळ अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात गेलं. त्याच तरुणांच्या आग्रहातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी कामाची संस्था उभी राहिली.

या बोर्डाच्या पहिल्या तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. हॉल हे विल्यम्स कॉलेजचेच. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यामुळे त्यांना परत पाठवण्याची तयारी चालली होती. बऱ्याच खटपटीनंतर राहायची परवानगी मिळाली. हॉल मराठी शिकले, शाळा काढल्या, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात कॉलऱ्याने गेले. अमेरिकन मराठी मिशनचा पाया तो हाच. अहमदनगरच्या जुन्या ख्रिस्ती घरांतून हॉल यांचं नाव अजून आदराने निघतं, पण त्या नावामागे एक विद्यार्थी-प्रार्थनागट होता हे क्वचितच सांगितलं जातं.

मुंबईत मात्र विद्यार्थ्यांमधलं काम वेगळ्या अंगाने वाढलं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये सुरू केलेल्या शाळेत, म्हणजे पुढच्या विल्सन कॉलेजात, सुवार्ता वर्गातून सांगितली जाई. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. नारायण शेषाद्री, बाबा पदमनजी हे मिशन शाळांमधूनच घडलेले आणि त्यांचं ऋण आपल्यावर मोठं आहे. तरीही मला वाटतं, शिक्षकाने विद्यार्थ्याला विश्वास सांगणं आणि एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला सांगणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिक्षकाच्या हाती सत्ता असते. बरोबरीचा मित्र सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणायला पूर्ण जागा असते, आणि ती असायलाच हवी.

बरोबरीच्या नात्याचा हा धागा कोल्हापुरात पुन्हा सापडतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर अँडोव्हरला शिकत असताना त्याच ‘ब्रेदरन’ मंडळाचे सभासद होते. 1846 मध्ये ते भारतात आले, आधी अहमदनगरला राहिले आणि 1852 पासून कोल्हापुरात. तिथे 1863 मध्ये त्यांचे पुत्र रॉबर्ट जन्मले. म्हणजे गंजीखाली सुरू झालेली गोष्ट रॉबर्ट यांनी कोणा व्याख्यात्याकडून नव्हे, घरात वडिलांकडून ऐकली होती. कुटुंब अमेरिकेला परतल्यावर ते प्रिन्स्टनला शिकले. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे सुवार्ताप्रचारक ड्वाइट मूडी यांच्या यजमानपदाखाली 251 विद्यार्थी महिनाभर बायबल अभ्यासासाठी जमले. परदेशी सेवेचा, म्हणजे परदेशात मिशनरी म्हणून जाण्याचा विषय मुळात कार्यक्रमात जवळजवळ नव्हताच. रॉबर्ट यांनी तो लावून धरला. बहीण ग्रेस या शिबिरासाठी घरी प्रार्थना करत होत्या. एका संध्याकाळी वेगवेगळ्या दहा देशांच्या वतीने तरुण उभे राहिले आणि मोजक्या मिनिटांत आपापल्या देशाची गरज सांगून बसले. शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशी सेवेची तयारी लिहून दिली.

पुढच्या वर्षभरात रॉबर्ट आणि त्यांचे सोबती जॉन फोरमन यांनी दीडशेहून अधिक कॉलेजं पालथी घातली. 1888 मध्ये परदेशी सेवेला तयार विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ ही चळवळ रीतसर उभी राहिली. कँपसवर जाऊन विद्यार्थ्यांशी बोलायचं, तिथल्याच मुलांचा गट बांधायचा आणि पुढच्या गावाला निघायचं, ही रीत त्या भटकंतीत मुरली. रॉयल वायल्डर 1887 मध्ये वारले. त्यानंतर ग्रेस आणि त्यांची आई कोल्हापूरला परतल्या. रॉबर्टही 1890 च्या दशकात भारतात येऊन विद्यार्थ्यांमध्ये काम करत होते.

त्या शंभर जणांत कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन मॉट होते. 1895 मध्ये स्वीडनमधल्या वाडस्टेना किल्ल्यात वर्ल्ड स्टुडंट ख्रिश्चन फेडरेशन या वेगवेगळ्या देशांतल्या ख्रिस्ती विद्यार्थी-चळवळींच्या महासंघाची स्थापना झाली, ती त्यांच्या पुढाकाराने. त्यांना 1946 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. भारतातली स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट 1912 ची. दरम्यान इंग्लंडमध्ये बायबलच्या अधिकारावरून मतभेद झाले आणि 1910 मध्ये केंब्रिजचा ख्रिस्ती विद्यार्थी-संघ तिथल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटमधून बाहेर पडला. त्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा अधिकार सर्वोच्च मानणाऱ्या शाखेशी नातं सांगणारी युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया 1954 मध्ये सुरू झाली. गटाची जबाबदारी विद्यार्थ्यांनीच घ्यायची, नोकरदार पदवीधरांनी पाठीशी राहायचं, आणि शिकून बाहेर पडलेल्याने आपापल्या मंडळीत जायचं, ही तिची घडण.

होस्टेलच्या खोलीतला तो गट या घडणीचा आहे. कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्च आहे. रविवारी तिथे उपासनेला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना चर्चवरचं नाव दर वेळी दिसतं. त्याच घरातल्या एका मुलाने दीडशे कॉलेजांची दारं वाजवली, हे त्यांच्या बायबल अभ्यासात कोणीतरी एकदा सांगावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.